आजी शेतकरी होती, हे कोण लिहिणार?



गेल्या वर्षी भात कापणीला आलं होतं तेव्हा आमच्या सासूबाई गेल्या. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते, हे तुम्हाला माहीतच आहे. धाकटे दीर फॉर्म घेऊन आले आणि ओटीवर बसून भरायला लागले. नाव लिहून झालं. वय आलं तिथे गाडी अडकली. ते म्हणाले ७८, नणंदबाई म्हणाल्या ऐंशी तरी असेल. आधार कार्डावर १ जानेवारी जन्मतारीख. आपल्या सगळ्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस १ जानेवारीलाच कसा येतो, ते वेगळंच कोडं! मग त्यांच्या आईचं नाव विचारलं, तर घरात एकालाही ठाऊक नव्हतं. शेवटी व्यवसायाचा रकाना आला. दीर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "काय लिहू? काही नाही लिहितो. घरीच असायची ना आई."

मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते. ज्या बाईने पन्नास वर्षं चिखलात वाकून लावणी केली, जिच्या सुपाशिवाय घरात दाणा साफ झाला नाही, तिच्या कामापुढे 'काही नाही'. मीही तेव्हा गप्प बसले, हे कबूल करते. दु:खाच्या घरात सुनेने तोंड कशाला उघडायचं, असं वाटलं. नंतर मात्र ते दोन शब्द डोक्यातून जाईनात. म्हणून आज हा लेख तुमच्यासाठी लिहिते आहे. घरातली म्हातारी शेतकरीण आपल्या आठवणीत राहते, पण कागदावर राहत नाही. ती कागदावर यावी म्हणून काय काय करता येतं, ते सांगायचं आहे.

आधी एका शेतकरणीची गोष्ट ऐका. नाव तुमच्या ओळखीचं आहे.

जळगावच्या बहिणाबाई

शाळेत आपण सगळ्यांनी बहिणाबाई चौधरींची कविता पाठ केली आहे. संसाराची, मनाची, सुगरणीच्या खोप्याची. पण पाठ करताना एक गोष्ट कोणी ठासून सांगितली नाही. ही बाई कवयित्री म्हणून जगलीच नाही. ती जगली शेतकरीण म्हणून, आई म्हणून, एका मोठ्या शेतकरी घरातली बाई म्हणून. लोकांनी तिला कवयित्री म्हटलं ते ती गेल्यानंतर.

जन्म २४ ऑगस्ट १८८०, जळगावजवळच्या आसोदे गावी, महाजनांच्या घरात. वडील उखाजी, आई भिमाई. तीन भाऊ, तीन बहिणी. तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावच्या चौधरी वाड्यात आल्या, नथुजी चौधरींच्या घरी. शाळा नाही, अक्षर नाही. तिशीत नवरा गेला. पदरात काशी ही मुलगी आणि ओंकार, सोपानदेव हे दोन मुलगे. त्यात ओंकारला प्लेग झाला आणि तो वाचला तरी पायाने अधू झाला.

आता जरा हिशेब करा. तिसाव्या वर्षी विधवा. काळ शंभर वर्षांपूर्वीचा. विधवेने कोपऱ्यात बसावं असा तो काळ. पण खानदेशात कपाशी कोपऱ्यात बसून वेचली जात नाही. पेरणी, निंदणी, कापणी, मळणी, उफणणी, जातं, चूल, गुरं, आलागेला हे सगळं तिने निभावलं आणि ते करता करता ती गात राहिली. पेरणी चालली की पेरणीचं, रास उफणताना वाऱ्याचं, दळताना जात्याचं गाणं. सासर आणि माहेरही तिने गाण्यात आणलं. कुंकू गेल्यावरही कपाळाचं गोंदण जात नाही आणि हातातलं बळ आपलंच असतं, या अर्थाचं बोलली. दारात भविष्य सांगायला आलेल्या जोशीबुवालाही तिने गाण्यातच परत पाठवलं! नशीब सांगायला तू कशाला, जे झालं ते मला ठाऊक आहे, असा तिचा रोख. ही सगळी गाणी तिच्या घरच्या बोलीत, लेवा गणबोलीत. पुस्तकी मराठी तिला येत नव्हती आणि तिचं काही अडलंही नाही.

पण खरी गोष्ट पुढे आहे. गाणं तोंडून निघालं की वाऱ्यावर जातं. बहिणाबाईला लिहिता येत नव्हतं. तिच्या आसपास दोन मुलं होती ज्यांना लिहिता येत होतं. एक तिचा मुलगा सोपानदेव, जो पुढे स्वतः कवी झाला. दुसरा घरातलाच पितांबर चौधरी, सोपानदेवांचा नात्यातला भाऊ. आई काम करता करता जे म्हणते ते त्यांनी कागदावर टिपून ठेवायला सुरुवात केली. एवढंच.

३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती हस्तलिखितं आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्रे ती वाचून थक्क झाले, आणि १९५२ मध्ये 'बहिणाबाईची गाणी' हे पुस्तक अत्र्यांच्या प्रस्तावनेसह आलं. पुस्तकात गाणी होती ३५. एका बाईच्या सत्तर वर्षांतली पस्तीस. रोज दळताना, रोज शेतात जाताना तिने आणखी किती म्हटली असतील? जी लिहिली गेली नाहीत ती गेली. त्यात तिचा दोष नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. १९६१ च्या 'मानिनी' सिनेमातून तिची गाणी घराघरांत पोचली. २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला तिचं नाव दिलं गेलं. ज्या बाईला सही येत नव्हती, तिचं नाव आज हजारो पोरापोरींच्या पदवीच्या कागदावर छापून येतं. चौधरी वाड्यातल्या तिच्या घरात तिच्या वापरातल्या वस्तू जपून ठेवल्या आहेत. शेतीची अवजारं, स्वयंपाकघरातली भांडी. मला विचाराल तर ती भांडी बघणं विद्यापीठाची पाटी बघण्यापेक्षा महत्त्वाचं आहे, कारण त्या बाईचा दिवस त्या भांड्यांत गेला.

आपल्या आजीकडे काय होतं?

आता तुम्ही म्हणाल, बहिणाबाई म्हणजे बहिणाबाई, आमची आजी कुठे कविता करायची? बरोबर आहे. पण आपण सगळ्यांना कविता कुठे येते? आपल्या आजीकडे दुसरं काहीतरी होतं, जे पुस्तकात नाही.

आपल्या अंबरनाथ-बदलापूरकडच्या भातशेतीचंच घ्या. राब कधी भाजायचा, त्याला शेण-गोवऱ्या किती, पाला-फांद्या कुठून आणायच्या, माती किती पसरायची, वारा कुठला हवा. आवण किती दिवसांची झाली की उपटायची. पाऊस उशिरा आला आणि रोपं म्हातारी झाली तर चुडात किती काड्या घ्यायच्या. कुठल्या खाचरात पाणी धरतं, कुठला बांध दर आषाढात फुटतो. हे कुठल्या सरकारी खात्याच्या पत्रकात मिळणार नाही, कारण ते तुमच्या खाचराचं ज्ञान आहे. दुसऱ्याच्या खाचराला ते लागू नाही.

बरं, लावणीच्या दिवशी वीस बायांना जेवायला काय आणि किती, हा हिशेब कोण करायचं? आजी. इरल्याखाली भाकऱ्या कोरड्या ठेवायची कोण? आजी. भात झोडलं, वाऱ्यावर धरलं, कणगीत भरलं, त्यातून बियाण्याचं वेगळं काढून ठेवलं, त्यात कीड लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला घातला, सगळं तिच्याच हातचं. घरातल्या पुरुषाने बैल हाकले आणि नांगर धरला, ते दिसलं. बियाणं जपलेलं दिसत नाही. ते न जपल्यावर दिसतं.

बियाण्यावरून एक नाव घेतलंच पाहिजे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे. शाळेची पायरी चढल्या नाहीत, पण घरात गावरान बियाण्यांची बँक उभी केली. 'बायफ' संस्थेने त्यांना हात दिला. २०१८ साली 'बीबीसी'ने निवडलेल्या जगातल्या शंभर स्त्रियांत त्या होत्या आणि पुढे त्यांना पद्मश्री जाहीर झाली. राहीबाईंचं ज्ञान त्यांच्या हयातीतच लोकांच्या डोळ्यांसमोर आलं. किती वेळेवर!

आपल्या आजीबाईंकडे आणखी काय असतं, पाहा. आगरी घरांत लग्न लावणारी धवलारीण असते. तिचे धवळे तोंडपाठ असतात आणि ते तिने कुठल्याही वहीतून शिकलेले नसतात. ठाकर, कातकरी बाईला रानातल्या भाज्या कळतात. कुठली कोवळी खायची, कुठली उकळून पाणी टाकायचं. कुणबी घरात दाई होऊन गेलेल्या म्हाताऱ्या आहेत. आज बाळंतपण दवाखान्यातच करायचं, त्यात वाद नाही. पण त्या म्हातारीने किती बायांच्या उशाशी रात्र काढली, ते तर लिहून ठेवा.

आपल्या शहरातलं शिवमंदिर तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. त्यातल्या शिलालेखावर शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० चा उल्लेख आहे, आणि शिलाहार राजा माम्वाणीचं नाव. हजार वर्षं झाली तरी राजाचं नाव दगडात शाबूत आहे. ज्यांनी ते दगड वाहिले, त्यांच्या जेवणाचा तांदूळ ज्या बायांनी कांडला, त्यांचं एक नाव नाही. हे मी रागाने म्हणत नाही. दगडावर लिहायचं तर पैसे लागत होते. आता वहीला वीस रुपये लागतात, फोनला तर तेही नाहीत.

ओव्यांची वही

आपल्याच महाराष्ट्रात एक मोठं काम झालं आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी गावोगावी फिरून, गावातल्याच बायांना सोबत घेऊन जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या! २०१७ पासून त्या 'परी' नावाच्या, खेड्यापाड्यांचं जगणं नोंदवणाऱ्या संस्थेने लोकांसमोर आणल्या. त्यात मला आवडलेली गोष्ट ही की ओवी कोणी गायली आणि तिचं गाव कोणतं, याची नोंद सोबत आहे. बाईच्या नावाने, बाईच्या गावाने. 'पारंपरिक' म्हणून सगळ्यांना एकाच गाठोड्यात बांधून टाकलेलं नाही.

आपण लाख ओव्या लिहायच्या नाहीत. आपल्या एका आजीच्या दहा गोष्टी लिहिल्या तरी पुष्कळ. कसं, ते सांगते. मी माझ्या मोठ्या चुलत सासूबाईंसोबत करून पाहिलं. सासूबाई गेल्यावर शहाणपण आलं, उशिरा का होईना.

पहिल्यांदा मी चूक केली. वही-पेन घेऊन समोर बसले आणि म्हणाले, "आई, तुमच्या आयुष्याबद्दल सांगा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डोळे बारीक केले आणि म्हणाल्या, "काय झालंय मला?" त्यांना वाटलं डॉक्टरांनी काही सांगितलंय! आयुष्य असं कोणी विचारत नाही. मग दुसऱ्या दिवशी त्या वाल सोलत होत्या, मी शेजारी बसून सोलायला लागले. विचारलं, "आई, तुमच्या माहेरी वाल कुठल्या शेतात व्हायचे?" झालं. दीड तास. वालावरून भाऊ, भावावरून त्याचं लग्न, लग्नावरून त्यांनी चोरून नेलेली पायली, पायलीवरून सासरचा दुष्काळ. शेवटी मी सोललेले वाल त्यांनी पुन्हा निवडले, कारण मी नीट सोलले नव्हते.

तर एक, वस्तू हातात द्या. सूप, पाटा, विळा, जुनी गोधडी, फोटो. हाताला आठवतं ते तोंडाला आठवत नाही. दोन, वर्ष विचारू नका. "कुठल्या साली?" म्हटलं की म्हातारी बावरते. "मोठ्याचा जन्म आधी की विहीर आधी? कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तुम्ही कुठे होता?" असं विचारा. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. त्यावरून पुढचंमागचं मोजता येतं. १९७२ चा दुष्काळ, २६ जुलै २००५ चा पूर, हे आपल्या भागातल्या सगळ्यांना आठवतं. साल आपण लावायचं, तिने नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे ती बोलली तसंच लिहा. "येवाचा", "गेलू", "आमचे बापाशीनी" असंच लिहा, शुद्ध करायला जाऊ नका. सोपानदेवांनी आईचे शब्द पुस्तकी करून टाकले असते, तर बहिणाबाई आज उरली नसती.

फोनवर आवाज रेकॉर्ड केला तर उत्तम, पण आधी विचारा. म्हाताऱ्या बायांच्या पोटात अशा गोष्टी असतात ज्या त्यांनी कोणाला सांगितलेल्या नसतात. मारहाण, गेलेलं मूल, जाऊबाईशी वर्षानुवर्षाचा अबोला. सांगताना त्या म्हणाल्या "हे लिहू नको गं", तर लिहू नका. पेन बाजूला ठेवा आणि ऐका. घरातल्या ग्रुपवर टाकायचं का, हाही तिचाच प्रश्न. आणि एक सांगते, वर्णन करताना तिला देवी करू नका. 'त्यागमूर्ती', 'ममतेचा सागर' हे श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर ठीक आहे. आमच्या सासूबाई तोंडाने फटकळ होत्या, शेजारणीशी बांधावरून अकरा वर्षं भांडल्या आणि बांध जिंकल्या. ते लिहिल्याशिवाय त्या कशा दिसतील?

आता कागद

आठवणीचा भाग झाला. आता दुसरा भाग, ज्यात चूक झाली तर जमीन जाते. नीट वाचा, जमलं तर बैठकीत मोठ्याने वाचा.

सात-बारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातमध्ये जमीन कोणाच्या नावावर आहे ते, बारामध्ये पीक काय आहे ते. आजीने आयुष्यभर बारामधलं पीक काढलं, पण सातमध्ये तिचं नाव बहुतेक नसतं. घरातला पुरुष वारला तर त्याच्या जमिनीचे वारस त्याची बायको, मुलगे, मुली, आणि त्याची आई हयात असेल तर तीही. हा १९५६ चा हिंदू वारसा कायदा. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच जन्मापासूनचा हक्क मिळाला. वडील २००५ आधी वारले असले तरी तो हक्क जात नाही, हे सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. जुन्या वाटण्यांचे बारकावे असतात, ते वकिलाला विचारा.

हा कायदा आदिवासी भगिनींना थेट लागू होत नाही. तिथे समाजाची रूढी बघतात. पण २०२५ च्या जुलैमध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं आहे की बाईला वाटा नाकारणारी रूढी आहे असं सिद्ध झालं नाही, तर तिला बरोबरीचा वाटा मिळायला हवा. ठाकर, कातकरी मैत्रिणींनी हे लक्षात ठेवावं. मुस्लिम भगिनींचा वारसा त्यांच्या कायद्याने ठरतो.

घरात कोणी वारलं की वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे अर्ज द्यायचा. जमिनीतला हक्क मिळाल्यापासून ३ महिन्यांच्या आत कळवायचं असतं. मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं लागतात. 'सगळ्या' हा शब्द महत्त्वाचा. अर्जात बहिणींची नावं वगळली जातात, आईचं नाव वगळलं जातं, आणि "ती कुठे जाणार आहे, घरचीच आहे" असं म्हणतात. फेरफार मंजूर होण्याआधी नोटीस निघते आणि हरकतीला मुदत असते. तेव्हा बोला. नंतर बोलायला वर्षं लागतात.

आणि हक्कसोडपत्र. भाऊ म्हणतो, "ताई, वारस नोंदीची सही कर." तुम्ही रजिस्ट्रार ऑफिसात जाऊन सही करता, आणि तो कागद हक्कसोडपत्र निघतो. वारस म्हणून नाव लावणं वेगळं, हक्क सोडणं वेगळं. मनापासून भावाला द्यायचा असेल तर जरूर द्या, तो तुमचा निर्णय. पण कागद वाचून घेतल्याशिवाय सही नको. वाचता येत नसेल तर गटातल्या वाचणाऱ्या ताईला सोबत न्या.

नवरा हयात असताना बायकोचं नाव सात-बाऱ्यावर येऊ शकतं का? येऊ शकतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९९० च्या आसपास 'लक्ष्मी मुक्ती' नावाची मोहीम काढली होती. शेतकऱ्यांनी आपल्या राजीखुशीने बायकोच्या नावावर जमीन करावी, अशी. शेकडो गावांत नवऱ्यांनी तसं केलंही. मग १९९२ मध्ये सरकारने पत्रक काढलं की नवऱ्याने अर्ज दिला तर बायकोचं नाव सहधारक म्हणून लावावं. किती घरांत हे माहीत आहे? आमच्या गटात बारापैकी दोघींना माहीत होतं. नवऱ्याला समजावून सांगायला वेळ लागतो, हे खरं आहे. आमच्या घरी एक पावसाळा गेला.

नाव असलं की काय फरक पडतो, असं विचाराल तर बघा. शेतकरी ओळख क्रमांक जमिनीच्या नोंदीवरून मिळतो. पीक कर्ज, अनुदान, नुकसान भरपाई हे सगळं नोंदीमागून येतं. आणि ज्यांचं नाव नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट लक्षात ठेवा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत खातेदार शेतकऱ्याबरोबर त्याच्या घरातला, नावावर जमीन नसलेला एक सदस्यही येतो. वय १० ते ७५. लावणीत साप चावला, वीज पडली, अपघाती मृत्यू झाला तर २ लाख रुपये. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, तोही ३० दिवसांत. दु:खात तारीख निघून जाते, म्हणून ही जबाबदारी गटाने घ्यावी असं मला वाटतं.

नव्या मुलांच्या नावात आता आईचं नाव येतं, हेही सांगते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाचं नाव सरकारी कागदांवर आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असं लिहायचं ठरलं आहे. आमच्या सासूबाईंच्या आईचं नाव आम्हाला सापडलं नाही. आमच्या नातीच्या आईचं नाव तिच्या दाखल्यावर आहे.

आणि पुढे जनगणना आहे. लोकसंख्या मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये होणार आहे. घरी प्रगणक आला की तो 'काय काम करता?' असं विचारेल. त्या वेळी घरातल्या पुरुषाने पटकन 'घरीच असते' म्हणून उत्तर देऊन टाकू नये, म्हणून तुम्ही पुढे बसा. शेतात राबत असाल तर 'शेती करते' असं सांगा. घरच्या शेतात राबता म्हणून ते काम नाही, असं होत नाही. योगायोग बघा, संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष ठरवलं आहे, आणि १५ ऑक्टोबर हा आपल्याकडे महिला किसान दिवस म्हणून पाळतात. त्या दिवशी फोटो आणि हार होतातच. या वेळी हाराबरोबर प्रत्येकीने घरच्या म्हातारीच्या नावावरचा उतारा काढून आणावा, अशी सूचना मी ग्रामसंघात मांडली आहे. बघूया किती उतारे येतात. माझा अंदाज आहे की पुष्कळ जणी म्हणतील, "नावच नाही गं." तेही त्या दिवशी मोजू.

आमच्या सासूबाईंच्या फॉर्मचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. दिरांनी रात्री विचार केला. सकाळी मला म्हणाले, "वहिनी, खोडून लिहू का?" खाडाखोड नको म्हणून दुसरा कोरा फॉर्म आणला. व्यवसायाच्या रकान्यात नणंदबाईंनी स्वतःच्या हाताने 'शेती' लिहिलं.

आता चुलत सासूबाईंची वही चालू आहे. अठरा पानं झाली. परवा त्यांनी विचारलं, "तू ते लिहितेस, मला वाचून दाखव की." मी वाचलं. दोन ठिकाणी त्यांनी मला थांबवून चूक सुधारली. राब भाजताना पाला आधी घालतात, गोवऱ्या नंतर, असं मी लिहिलं होतं. "उलटं गं," म्हणाल्या, "असं केलंस तर सगळी आवण जळेल."